मदत हवी आहे: टॉफी कुकीजसाठी टॉफी बिट्स मिळत नाहीत, त्याऐवजी काय घालू? (ठाणे)

कासारवडवलीकर:

राखीला द्यायला टॉफी कुकीज करायच्या आहेत. ४० नग, बिनअंड्याच्या. पाककृती अमेरिकन आहे, तिच्यात हर्शीजचे हीथ टॉफी बिट्स २४० ग्रॅम घाला असं म्हटलंय. ते काही मिळत नाहीत. जांभळी नाक्याच्या आसपास, गोखले रोड, घोडबंदरचे मॉल, सगळीकडे विचारून झालं. चोको चिप्स हव्या तितक्या, टॉफी बिट्स नाहीत. ऑनलाइन आयात पाकीट दिसतंय, पण ते राखी होऊन गेल्यावर पोचणार.

हाताशी तीन गोष्टी आहेत: आइस्क्रीमवर घालतात ते बटरस्कॉच क्रंच, एक्लेअर्स आणि गुळाची चिक्की. एक्लेअर्स चिरून चार कुकीज करून बघितल्या. भट्टीत सगळं वितळून ट्रेवर पसरलं आणि गार झाल्यावर दाताला चिकटणारा चिवट थर झाला.

२८ लिटरचा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे, वजनकाटा आहे, थर्मामीटर नाही. कुकीज डब्यात चार दिवस कुरकुरीत राहायला हव्यात. या तिन्हीतलं काय चालेल? की आणखी काही?

मैदामोजणी:

बटरस्कॉच क्रंच घाला, पण नेहमीच्या मापाच्या निम्मंच. ती मुळात साखर आणि काजू, बटरचा अंश नावाला. भट्टीत साखर सुटते आणि कुकीच्या कडेला काचेसारखी जाळी होते. गोडही जास्त होतं, म्हणून पिठातली साखर ३० ग्रॅमने कमी करा. चव मात्र टॉफीची येणार नाही.

साखरपाक:

ताई, तिन्ही नकोत. घरी करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

गोंधळ शब्दाचा आहे. आपल्याकडे कागदात गुंडाळलेली कुठलीही गोळी म्हणजे टॉफी. या पाककृतीतली टॉफी म्हणजे बटर आणि साखर १५० अंशांपर्यंत शिजवून केलेली कडक, खुसखुशीत वडी. एक्लेअर्सचा पाक त्याच्या बराच अलीकडे थांबवलेला असतो, त्यात पाणी आणि ग्लुकोज जास्त, म्हणून ती चघळायची. ती भट्टीत पातळ होणार आणि गार झाल्यावर चिवटच राहणार. गुळाच्या चिक्कीची अडचण वेगळी: गूळ हवेतलं पाणी ओढतो. ऑगस्टमध्ये ठाण्याच्या हवेत गुळाचे बारीक तुकडे उघडे ठेवले तर तासाभरात एकमेकांना चिकटतात.

माप: बटर १५० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, पाणी २ मोठे चमचे, लिक्विड ग्लुकोज १ मोठा चमचा. बिनमिठाचं बटर असेल तर पाव चमचा मीठ. अमूलचं नेहमीचं पिवळं बटर वापरलंत तर वेगळं मीठ अजिबात नको. बटरमधलं पाणी उडतं, थोडं भांड्याला राहतं, थोडा भुगा चाळणीखाली जातो. हे सगळं वजा जाऊन २४० ग्रॅमच्या आसपास तुकडे हाती लागतात, म्हणजे तुमचं माप बरोबर बसतं.

भांडं जाड बुडाचं आणि स्टीलचं घ्या. काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग दिसत नाही आणि इथे निम्मं काम रंगावरच आहे. आधी बटर मंद आचेवर वितळवा, मग साखर, पाणी, ग्लुकोज. साखर पूर्ण विरघळेपर्यंत आच वाढवू नका. नंतर मध्यम-मंद ठेवा आणि लाकडी उलथन्याने बूड खरवडत सावकाश हलवत राहा. जोरात फेटायचं नाही.

सुरुवातीला फेस पांढरट आणि बारीक असतो, बुडबुडे भराभर फुटतात. दहाएक मिनिटांनी मिश्रण दाटतं आणि बुडबुडे पिठल्यासारखे जड होतात, फुटताना बारीक फुस्स आवाज येतो. रंग आधी लोण्याचा, मग कांद्याच्या सालीचा, मग भाजलेल्या बदामाच्या सालीचा. या शेवटच्या रंगाला गॅस बंद. कांद्याच्या सालीपासून बदामाच्या सालीपर्यंत जायला दोन मिनिटंही लागत नाहीत, तेव्हा त्या वेळी ओट्यावरून हलू नका.

थर्मामीटर नसेल तर वाटीत बर्फाचं पाणी ठेवा आणि थेंब टाकून बघत जा. गोळी बोटांनी दबते तो गोळीबंद पाक, त्याच्या बराच पुढे जायचंय. पाण्यातून काढलेला थेंब कट्‌कन तुटला पाहिजे, दाताखाली घेतला तर चिकटता कामा नये. जरा जरी चिकटला तर अजून पाणी आहे. थर्मामीटर आणलात तर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. ठाण्यात १०० दाखवायला हवं. ९७ दाखवत असेल तर टॉफीही १४७ ला उतरवा. १४९ ते १५० ला गॅस बंद करा, भांड्याच्या उष्णतेने ती आणखी दोन-तीन अंश चढतेच.

लगेच कागदावर ओता, अर्धा सेंटिमीटर जाड. आणि हा कागद नीट बघून घ्या: बाजारात बटर पेपर म्हणून मिळणाऱ्या प्रत्येक कागदाला सिलिकॉनचा थर नसतो. नुसता मेणचट कागद टॉफीला असा चिकटतो की सोलून निघत नाही. बेकिंग पेपर मिळत नसेल तर स्टीलच्या ताटाला तूप लावा.

एक काळजी: हा पाक उकळत्या पाण्याच्या दीडपट तापलेला असतो आणि कातडीला चिकटून राहतो. मुलांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. शेजारी गार पाण्याचं पातेलं ठेवा.

तुर्भेकर:

लिक्विड ग्लुकोज केक-साहित्याच्या कुठल्याही दुकानात डबीत मिळतं. ते नसेल तर अर्धा चमचा लिंबाचा रस चालतो. दोन्हींचं काम एकच, साखरेचे दाणे परत धरू न देणं. नाहीतर टॉफी खुसखुशीत न होता रवाळ होते.

तुकडे करायची पद्धत सांगतो. टॉफी पूर्ण गार झाली की जाड पिशवीत घालून लाटण्याने ठोका. मिक्सर नको, त्यात भुगा फार होतो आणि पात्याच्या उष्णतेने तो चिकटतो. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा हवा. मग पोह्याच्या चाळणीतून चाळा आणि खाली पडलेला भुगा कुकीत घालू नका. भुगा पिठात पूर्ण विरघळतो, म्हणजे पिठात तेवढी साखर आणि तूप वाढतं आणि कुकी पोळीसारखी पसरते. टॉफी कुकीज चपट्या झाल्या की लोक ओव्हनला दोष देतात, पुष्कळदा कारण हा भुगा असतो.

ठोकायचं काम एसी लावलेल्या खोलीत करा, नाहीतर निदान पाऊस थांबलेला असताना. ठोकल्यापासून दहा मिनिटांत हवाबंद डब्यात.

कासारवडवलीकर:

साखरपाक, तुर्भेकर, मनापासून आभार. आज एक घाणा केला. साखर विरघळली, रंग लोण्याचा झाला, आणि अचानक वर तूप सुटलं. खाली साखरेचा घट्ट गोळा, वर पिवळं तूप तरंगतंय. शेगडी बंद करून ठेवलीय. टाकून देऊ का?

साखरपाक:

टाकू नका. मंद आचेवर परत ठेवा, एक मोठा चमचा कडकडीत गरम पाणी कडेने सोडा आणि हलवा. वाफ जोरात येईल, चेहरा लांब ठेवा. मिश्रण जुळलं नाही तर आणखी एक चमचा. साधारण दोन-तीन चमच्यांत परत एकजीव होतं. मग पुन्हा तसंच सावकाश शिजवत न्या, घातलेलं पाणी उडेपर्यंत वेळ जास्त लागेल एवढंच.

तूप सुटतं ते तीन कारणांनी. आच एकदम कमी-जास्त केली, भांडं पातळ असल्यामुळे बूड तापलं आणि वरचं मिश्रण मागे राहिलं, किंवा हलवणं मध्ये थांबलं. बटरमधलं तूप आणि पाक हे पाण्याच्या आधाराने एकत्र असतात. पाणी भसकन उडालं की तो धरबंध सुटतो. इंडक्शनवर करत असाल तर गॅसच्या लहान बर्नरवर करा. बरेच इंडक्शन कमी आकड्यावर चालू-बंद, चालू-बंद करतात आणि नेमका तोच झटका टॉफीला सोसत नाही.

कासारवडवलीकर:

जुळलं! दोन चमचे पाणी लागलं. इंडक्शनच होता. आता थेंब कट्‌कन तुटतोय, रंग बदामाच्या सालीचा. २३५ ग्रॅम तुकडे निघाले.

आता पिठाचं सांगा. मूळ कृतीत २ अंडी आहेत आणि ब्राउन शुगर जास्त. तुकडे घालून पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर चालेल का?

मैदामोजणी:

४० कुकीजसाठी, प्रत्येकी ३० ग्रॅमचा गोळा धरून: बिनमिठाचं बटर २३० ग्रॅम, साखर १८० ग्रॅम, ब्राउन शुगर १२० ग्रॅम, दूध ६० मिली, दूध पावडर २ मोठे चमचे, मैदा ३२० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २ मोठे चमचे, बेकिंग सोडा १ चमचा, बेकिंग पावडर अर्धा चमचा, मीठ अर्धा चमचा, व्हॅनिला २ चमचे. चमचा म्हणजे ५ मिलीचा, सपाट.

ब्राउन शुगर मुद्दाम कमी केली आहे. तिच्यातली मळी ओलावा धरते, कुकी मऊ राहते. तुम्हाला चार दिवस कुरकुरीत हवी आहे, तेव्हा पांढरी साखर जास्त. ब्राउन शुगर म्हणून मोठ्या कोरड्या दाण्यांची डेमेरारा मिळाली तर ती घेऊ नका, बिनअंड्याच्या पिठात ती विरघळत नाही. त्यापेक्षा १०० ग्रॅम साखरेला १ मोठा चमचा काकवी चोळून घ्या, ओलसर वाळूसारखी झाली की झालं.

बटर फ्रिजमधून काढल्यावर १५ मिनिटंच बाहेर. या दिवसांत आपल्या ओट्यावर २८-३० अंश असतात, तासभर ठेवलं तर तेल व्हायला लागतं. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण बटर चकाकू नये. बटर आणि साखर तीन मिनिटं फेटा, जास्त नाही. दूध थोडं-थोडं घाला. कोरडं चाळून घाला आणि मैदा दिसेनासा झाला की थांबा.

पीठ रात्रभर ठेवा, तुकडे मात्र नको. दुधाचा ओलावा टॉफी ओढते, सकाळी तुकड्यांच्या जागी तपकिरी चिकट खड्डे दिसतात. पीठ फ्रिजमध्ये आणि तुकड्यांचा डबा फ्रीझरमध्ये ठेवा, भाजायच्या आधी अर्धा तास पीठ बाहेर काढा आणि फ्रीझरमधून काढलेले तुकडे तेव्हा मिसळा.

तुर्भेकर:

त्यात भर: गोळा वळल्यावर बाहेर आलेले तुकडे बोटाने आत ढकला, विशेषतः खालच्या बाजूचे. ट्रेला टेकलेला तुकडा सगळ्यात आधी वितळतो आणि तिथूनच कडेला ओघळ सुटतो.

ओटीजीत १६५ अंश, दोन्ही रॉड, मधली जाळी, १४ ते १५ मिनिटं. आधी १५ मिनिटं तापवा. लहान ओटीजीत मागची बाजू जास्त भाजते, ९ मिनिटांनी ट्रे फिरवा. एका ट्रेवर ९ गोळे पुरे, मध्ये पाच सेंटिमीटर जागा. पुढचे गोळे तोवर फ्रिजमध्ये. कडा सोनेरी आणि मधला भाग किंचित फिका असताना बाहेर काढा. ओघळलेली कडा असेल तर गरम असतानाच वाटीच्या काठाने गोल फिरवून आत ओढा, गार झाल्यावर ती मोडते. पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्या, टॉफी तेव्हा पातळ असते आणि उचलली तर कुकी मधून फाटते. मग जाळीवर.

कासारवडवलीकर:

पहिला ट्रे झाला. ९ पैकी ७ गोल, दोघींना ओघळ आले, त्यांतले तुकडे आत ढकलायचे राहिलेले. १५ मिनिटं लागली. तुकडे मध्ये काचेसारखे दिसतायत आणि दाताखाली फुटतायत. डबे कसे भरू?

साखरपाक:

पूर्ण गार होऊ द्या, निदान दीड तास, पण पंख्याखाली उघड्यावर रात्रभर नको. कोमट भरल्या तर डब्यात वाफ धरते आणि तुमच्या सगळ्या कष्टांवर पाणी पडतं. झाकण घट्ट बसणारा स्टीलचा किंवा काचेचा डबा, खाली कागद, प्रत्येक थरात कागद, आणि खाद्यपदार्थांसाठीची सिलिका जेलची पुडी. ती नसेल तर मलमलच्या पुरचुंडीत दोन चमचे तांदूळ कोरडे भाजून, गार करून ठेवा. तांदूळ सिलिकाइतका ओलावा ओढत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

राखीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत आज भरू नका. पुठ्ठा हवा आत घेतो. मोठ्या डब्यात ठेवा आणि द्यायच्या दिवशी सकाळी खोक्यांत लावा. तिसऱ्या दिवशी एखादी नरम वाटली तर १५० अंशांवर चार मिनिटं, मग पुन्हा पूर्ण गार.

कासारवडवलीकर:

मोठा डबा आहे, सिलिका उद्या आणते. चाळणीखालचा भुगा साधारण ३५ ग्रॅम आहे, त्याचं काय करू?

मैदामोजणी:

बरणीत घालून फ्रीझरमध्ये. बरणी बाहेर काढली की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर आत दव धरून त्याचा एकच दगड होतो. आइस्क्रीमवर किंवा गरम दुधात चांगला लागतो.