जपानचा पॉवर पॅक १०० व्होल्टचा आणि घरात २३०, काय करू?

रूळवेडा
मंडळी, मदत हवीय. भावाने जपानहून येताना एन गेजचा, म्हणजे अगदी छोट्या मापाच्या मॉडेल रेल्वेचा, स्टार्टर सेट आणला, गोल नॉबवाला पॉवर पॅक आहे आणि त्याच्या पोटाखाली इनपुट फक्त १०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ लिहिलंय. शिवाय एक अमेरिकन डीसीसी कमांड स्टेशन (रुळातून इंजिनाला डिजिटल हुकूम पाठवणारी पेटी) सेकंडहँड घेतलंय, त्याची वीट (मेन्सचे कमी व्होल्ट करून देणारा ठोकळा) वेगळी आहे, १२० व्होल्ट ६० हर्ट्झ. प्रवासात वापरतो तो पिन बदलायचा अ‍ॅडॅप्टर घरात आहे, तो लावून चालेल का? अजून काहीच सॉकेटात घातलेलं नाहीये, पोरगं मात्र रोज विचारतंय गाडी कधी धावणार.

सांधेवाला
घातलं नाहीत ते फार बरं केलंत. तो अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो हो, व्होल्टेज जसंच्या तसं आत जातं. मी हा शहाणपणा करून बसलोय, १२० वाला जुना कंट्रोलर २३० वर लावला, आधी नुसतं घूंऽऽ, मग व्हार्निश जळल्याचा वास आणि मी स्विचपर्यंत पोचेस्तोवर खालचं प्लास्टिक मऊ पडलेलं. इंजिन रुळावर नव्हतं म्हणून वाचलं. दुप्पट व्होल्टेज आलं की ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा सॅच्युरेट होतो (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही) आणि प्रायमरी वाइंडिंग (मेन्सकडचं वेटोळं) वाट्टेल तेवढा करंट ओढते, त्यात फ्यूज नसला की संपलंच.

आधी प्रत्येक विटेचं लेबल भिंगाने वाचा. इनपुट १००-२४० असेल तर पिनवाला अ‍ॅडॅप्टर पुरतो, विषय संपला. तुमच्या दोन्ही वस्तू त्यातल्या नाहीत.

मालगाडी६
कमांड स्टेशनचं सोपं आहे, वीटच बदला. जुन्या विटेवर आउटपुट काय लिहिलंय ते बघा, व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, आणि एसी आहे की डीसी ते नक्की बघा, लाटेची खूण म्हणजे एसी, सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ म्हणजे डीसी. मग जॅक. ५.५ मिमीच्या जॅकमध्ये आतलं भोक २.१ पण असतं आणि २.५ पण, २.१ वाला २.५ च्या पिनवर बसतच नाही आणि उलटं केलं तर सैल बसून मधेच कनेक्शन तुटतं, डीसीसीत असं झालं की लोक डिकोडरला (इंजिनातल्या हुकूम वाचणाऱ्या चिपला) शिव्या घालत बसतात. मधली पिन प्लस की मायनस तेही बघा.

आणि "थोडे जास्त व्होल्ट चालतील" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. काही छोट्या कमांड स्टेशनात आत येणारं व्होल्टेज जवळपास तसंच रुळावर जातं. एन गेजला १२-१४ पुरे, १८ दिलेत तर डिकोडर तापणारच.

रूळवेडा
विटेवर १३.८ व्होल्ट डीसी आहे, मधली पिन प्लस. पण मल्टिमीटर लावून बघायचा झाला तर ती आधी चालू करावी लागेल ना? आणि जपानी पॅकचं काय, स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) घेऊ?

मालगाडी६
मोजायला जुनी कशाला लावताय, नवीन आली की तिचं मोजा. रेग्युलेटेड (व्होल्ट स्थिर ठेवणारी) असेल तर लोड नसतानाही लेबलच्या जवळपास येईल, साधी असेल तर बरंच वर दाखवेल, ती परत करा.

सांधेवाला
स्टेपडाउन घ्यायचाच तर १०० चा घ्या. बहुतेक ११० चे मिळतात आणि भिंतीतून २४० आले की ते ११५ पर्यंत जातात, १०० च्या पॅकला ते १५ टक्के जास्त झाले, रुळावरचं व्होल्टेजही त्याच हिशोबाने वाढतं. फ्रिक्वेन्सीची काळजी नको, जपानात पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ आहे म्हणूनच पॅकवर दोन्ही लिहिलेत. क्षमता पॅकच्या दुप्पट व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) ठेवा. हेअर ड्रायरसाठीचे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर येतात ते नकोत, त्यांचा वेव्हफॉर्म (एसीच्या लाटेचा आकार) कापलेला असतो, ट्रान्सफॉर्मरला सोसत नाही.

पण खरं सांगू का, मी असतो तर पॅक शोकेसमध्ये ठेवला असता आणि १२ व्होल्ट डीसीवर चालणारा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणारा) घेतला असता. मेन्स विटेतच राहतो, पोराच्या हातात फक्त १२ व्होल्टचा नॉब.

जुनेजाणते
एक राहिलं, पुढे ट्रॅक वाढेल म्हणून सांगतो. दोन ट्रान्सफॉर्मरांचे आउटपुट एकमेकांना जोडू नका. एकाचा प्लग काढलात तरी दुसऱ्याचे कमी व्होल्ट त्याच्यात उलटे शिरून चढतात, आणि हातातल्या उघड्या पिनांवर पूर्ण मेन्स येतं. म्हणजे लहान मूल प्लग उचलतं आणि शॉक बसतो.

मार्क्लिन या जर्मन मॉडेल रेल्वे कंपनीचे २२० व्होल्टचे जुने निळे ट्रान्सफॉर्मरही कोणी फुकट दिले तर डिजिटलला लावू नका. इंजिनाची दिशा बदलायला ते जास्त व्होल्टचा झटका देतात, तो मुळात २४ व्होल्टचा, २३० वर तो अजून चढतो आणि नव्या इंजिनांतला डिकोडर जातो.

रूळवेडा
१३.८ ची रेग्युलेटेड वीट मागवली, पीडब्ल्यूएम कंट्रोलर पण. पोराला तोवर डबे हाताने ढकलायला सांगितलेत, तो म्हणतो इंजिनाचं काम मीच करतो.