एकाच नंबरचे तीन अल्टरनेटर, लिलावात तीन भाव. असं का?

पक्कड_आणि_पाना (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. डोकं खाजवून थकलो, म्हणून इथे विचारतोय.

आमची जुनी फोक्सवॅगन गोल्फ, चौथ्या पिढीची, १.९ डिझेल. इंजिन ठणठणीत, पण खालून पत्रा इतका गंजला होता की जॅक लावायला जागा उरली नव्हती. आख्खी गाडी घ्यायला भंगारवाल्याशिवाय कोणी फिरकेना. मग बाबांनी आणि मी ती उलगडली आणि भाग ऑनलाइन लिलावात टाकायला लागलो. त्याच सुमारास ओळखीचं एक गॅरेज बंद झालं, तिथून याच इंजिनाचे आणखी दोन अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो भाग) मिळाले. म्हणजे तीन नग. तिघांवर नंबर एकच, ०३८ ने सुरू होणारा, शेवटचं अक्षरसुद्धा तेच. तिन्ही ९० अँपिअरचे.

रकमा लिहीत नाही. पहिला ज्या भावाला गेला त्याला १०० धरा. दुसरा गेला ४३ ला. तिसरा १७१ ला!

आणि गंमत म्हणजे ४३ वाला तिघांत सगळ्यात चांगला होता. गॅरेजवाल्याने त्यात नवे बेअरिंग आणि नवे कार्बन (आत घासत वीज पोचवणाऱ्या कांड्या) टाकले होते. १७१ वाला आमच्या गाडीचा, तेलाने माखलेला, बाबांनी नुसता फडका मारलेला.

बाबा म्हणतात, "डायनॅमो तो डायनॅमो, तूच काहीतरी घोळ घातलास." (ते अल्टरनेटरला अजून डायनॅमोच म्हणतात, सांगून उपयोग नाही.) घोळ असेल तर तो कुठे?

रात्रपाळी

नशीब. लिलाव म्हणजे जुगार हो. त्या दिवशी कोण जागं होतं त्यावर सगळं. मी एकदा एकाच गाडीचे दोन आरसे विकले, डावा उजव्याच्या दुप्पट गेला. सोडून द्या.

कटाऊट_काकू

नशीब म्हणून सोडू नका, नशिबालाही कारणं असतात. पक्कडभाऊ, तिन्ही जाहिरातींचं शीर्षक काय होतं, फोटो किती, लिलाव कधी संपला आणि बोली लावणारे किती जण होते, एवढं सांगा. मग बोलू.

पक्कड_आणि_पाना

काकू, वहीत सगळं लिहिलेलं आहे.

पहिला: "गोल्फ ४ डिझेल अल्टरनेटर". तीन फोटो, नंबर खाली वर्णनात. रविवारी रात्री संपला. बोली लावणारे चार.

दुसरा: "अल्टरनेटर, चालू स्थितीत". एकच फोटो, गॅरेजच्या फरशीवर ठेवून काढलेला. कंटाळा आला होता, खरं सांगतो. मंगळवारी दुपारी अडीचला संपला. बोली लावणारे दोन.

तिसरा: या वेळी फोटो भाच्याने काढले, नऊ. लेबलचा जवळून, सॉकेटच्या पिनांचा, मागच्या कव्हरचा. शीर्षकात पूर्ण नंबर. एकाने मध्येच विचारलं, पुली एकाच दिशेने मोकळी फिरते का? मी जाऊन पंखा धरला, पुली फिरवून बघितली, एकीकडे सुटी, दुसरीकडे घट्ट. तसं जाहिरातीखालीच उत्तर लिहिलं. रविवारी रात्रीच संपला. बोली लावणारे पाच, पण शेवटच्या वीस सेकंदांत दोघांनीच भाव कुठल्या कुठे नेला.

कटाऊट_काकू

आता दिसतंय. मी चौदा वर्षं हेच करते: स्टार्टर, अल्टरनेटर, मीटर, दिवे. जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, तुम्ही समजता तसा भाव वस्तूचा ठरतच नाही. या साइटवर माणूस आपली कमाल रक्कम टाकून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. म्हणजे जिंकणारा देतो ती रक्कम त्याच्या स्वतःच्या मर्यादेवर नाही, हरलेल्यांमधल्या सर्वांत वरच्या माणसाच्या मर्यादेवर ठरते, वर एक पायरी. विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये अशाच 'दुसऱ्या किमतीच्या' लिलावाचं गणित मांडलं, १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तर तुमच्या ४३ वाल्याची मर्यादा कदाचित २०० असेल. पण त्याच्या पाठीमागे तेवढं देणारा दुसरा कोणी नव्हता, मग त्याने जास्त का द्यावं? तुम्हाला लागतो तो दुसरा माणूस. पहिला कुठून ना कुठून येतोच.

आता दुसरा माणूस का आला नाही ते बघू. ज्याची गाडी बंद पडलीय तो "अल्टरनेटर" असं शोधत नाही. तो जुन्या नगावरचा नंबर पुसून वाचतो आणि तोच टाकतो. शेवटचं अक्षर बदललं की क्षमता बदलू शकते, बनवणारी कंपनी बदलू शकते, सॉकेट बदलू शकतं. तुमचा दुसरा नग त्याच्या शोधात आलाच नाही. आला असता तरी एका फोटोवरून सॉकेट दिसत नव्हतं. १.९ डिझेलमध्ये कुठे एकाच दिशेने मोकळी फिरणारी पुली असते, कुठे साधी. चुकीची आली तर परत पाठवा, पुन्हा थांबा. म्हणून त्याने पुढची जाहिरात उघडली.

"चालू स्थितीत" हे शब्द तर विसराच. सगळेच लिहितात, म्हणून त्यांना काही किंमत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या गाड्यांच्या बाजाराबद्दल हेच दाखवलं: विकणाऱ्याला खरं माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं, म्हणून घेणारा वाईटच धरून चालतो आणि चांगला मालही वाईटाच्या भावाने जातो. नवे बेअरिंग, नवे कार्बन, आणि जाहिरातीत त्याचा एक शब्द नाही! मी मागचं प्लॅस्टिकचं कव्हर काढते, रेग्युलेटरचे स्क्रू सोडते, कार्बन बाहेर काढून त्यांना व्हर्नियर (बारीक मोजमापाचं साधन) लावते आणि व्हर्नियरच्या आकड्यासकट फोटो टाकते. या जातीत नवा कार्बन साधारण १२ मिलिमीटर असतो आणि ५ ला तो संपला समजायचा. मग स्लिप रिंगवर (कार्बन जिच्यावर घासतात ती कडी) टॉर्च मारून तिला खाच पडलीय का ते दाखवते. दहा मिनिटांचं काम आहे. तुमचा तेलकट नग जास्त गेला तो याचमुळे. तेलाखाली काय आहे ते लोकांना दिसलं. आणि पुलीचं उत्तर तुम्ही जाहिरातीखाली लिहिलंत, ते विचारणाऱ्याबरोबर बाकीच्या चौघांनीही वाचलं.

शेवटच्या वीस सेकंदांत भाव चढला म्हणून फार हुरळू नका. ठरलेल्या वेळेला बंद होणाऱ्या लिलावात लोक आपली मर्यादा लपवून शेवटी टाकतात. रॉथ आणि ऑकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ईबे आणि अ‍ॅमेझॉनच्या त्या वेळच्या लिलावांची तुलना केली. अ‍ॅमेझॉनवर शेवटी बोली आली की वेळ वाढायची, तिथे ही शेवटची झुंबड कितीतरी कमी होती. ते दोघे आधीपासूनच दबा धरून बसले होते, वीस सेकंदांत शहाणे किंवा वेडे झाले नाहीत.

एक शंका आहे. तुमचा ४३ वाला गिऱ्हाईक बहुधा गाडीवाला नसावाच. जुने अल्टरनेटर उघडून, धुऊन, बेअरिंग-कार्बन बदलून विकणारे असतात. त्यांना नग चालू आहे की बंद, काही फरक पडत नाही. ते 'कोअर' घेतात, म्हणजे ओतीव कवच, रोटर आणि आतलं तांबं. सगळ्यांवर सारख्याच तळाच्या बोल्या टाकून ठेवतात. दोघांपैकी दोघेही तसलेच असतील तर तुमचा सगळ्यात चांगला अल्टरनेटर अल्टरनेटर म्हणून विकला गेलाच नाही. कोअर म्हणून गेला.

रात्रपाळी

काकू, दंडवत. पण मग माझा डावा आरसा?

कटाऊट_काकू

रहदारीकडच्या बाजूचे आरसे जास्त तुटतात, मग मागणीही त्याच बाजूला जास्त. कुठली बाजू ते गाडी रस्त्याच्या कुठल्या अंगाने चालते त्यावर. हेडलाइटचं वेगळंच असतं. डाव्या आणि उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांसाठी प्रकाशाचा झोत उलटा कापलेला असतो, म्हणून दुसऱ्या देशातलं गिऱ्हाईक तिथेच गळतं.

सोळाचा_पाना

मी घेणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा पलीकडची बाजू सांगतो.

गेल्या वर्षी माझी ऑक्टाव्हिया उभी होती, पहिल्या पिढीची. तीही गोल्फ ४ च्याच पायावर बनलेली, ऑडी ए३ आणि सेआट लिओनसारखी, त्यामुळे बरेच भाग तेच. बॅटरीचा दिवा लागला, दुसऱ्या दिवशी बंद. सकाळी कामावर जायला शेजाऱ्याची गाडी मागून आणलेली, आणि शेजारी रोज संध्याकाळी "झालं का काम?" म्हणून विचारायचा. तशात मला हवा तो नंबर दिसला, लेबल स्वच्छ दिसत होतं. आधी ठरवलेल्या रकमेच्या दीडपट टाकून मोकळा झालो. तोच नग मला महिनाभरानंतर दिसला असता तर मी बघितलाही नसता. १७१ देणारा असाच कोणीतरी. पुढच्या आठवड्यात तसा माणूस असेलच असं नाही, म्हणून काकूंचं सगळं पटलं तरी रात्रपाळीही अगदीच चुकीचे नाहीत.

दुसरं म्हणजे कुरिअर. आम्ही मनात एकूण रक्कम धरतो, कुरिअरचे पैसे जास्त की बोली तेवढी कमी. अल्टरनेटर पाच-सहा किलोचा, खोकं लहान, तिथे फारसा फरक नाही. पण बंपर घ्या. वजनाला हलका, खोकं मात्र १८० बाय ५० बाय ४० सेंटिमीटरचं. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला ५००० ने भागतात, म्हणजे ७२ किलोचे पैसे! म्हणून बंपर जवळपास राहणाराच घेतो, आणि जवळपास दोन गरजू निघाले नाहीत की तो सुरुवातीच्या बोलीवरच जातो.

नवा_गडी

सोपा उपाय आहे की. मित्राला सांगून बोली वाढवून घ्यायची. तो झाला तुमचा दुसरा माणूस.

कटाऊट_काकू

ती फसवणूक आहे. साइटच्या नियमात बसत नाही, बऱ्याच ठिकाणी कायद्यातही नाही. भाव पडायची इतकी भीती असेल तर राखीव किंमत (तिच्याखाली विक्री नाही) ठेवा किंवा सुरुवातच वरून करा. वरून सुरू केली की बघे कमी येतात हे खरं, पण ज्या भागाला मुळातच दोन-तीन गिऱ्हाइकं आहेत तिथे खालून सुरू करणं म्हणजे ४३ ला आमंत्रण.

आणि खातं जपा. जुन्या पोस्टकार्डांवर एक प्रयोग झाला होता, २००६ मध्ये छापून आला. एकाच विक्रेत्याने सारखीच पोस्टकार्डं आपल्या मुरलेल्या खात्यावरून आणि कोऱ्या खात्यांवरून विकली. मुरलेल्या खात्याला खरेदीदार ८.१ टक्के जास्त द्यायला तयार होते. पोस्टकार्डात काय बिघडणार? अल्टरनेटरमध्ये भीती जास्त, तेव्हा माझ्या मते फरकही जास्तच पडत असेल.

पक्कड_आणि_पाना

काकू, तुमची शंका बरोबर निघाली. ४३ वाल्याचं खातं उघडून त्याने दिलेले अभिप्राय बघितले. नुसत्या गेल्या महिन्यात अकरा अल्टरनेटर आणि चार स्टार्टर घेतलेत, सगळे वेगवेगळ्या गाड्यांचे. म्हणजे नवे बेअरिंग टाकलेला नग त्याने नेला आणि बहुधा बेअरिंग काढून फेकून दिले.

बाबांना वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्या गॅरेजवाल्याला सांगू नकोस."

आता मीटर उरलाय, तो टाकू का? आणि सायलेन्सरच्या लाइनमधला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर?

कटाऊट_काकू

या गोल्फमध्ये इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) मीटरच्या आतच असतो. नुसता लावला तर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं, मग लोक शिव्या घालत परत पाठवतात. तुमच्याकडे त्याचा चार आकडी गुप्त कोड आणि किल्ल्या असतील तर तसं शीर्षकातच लिहा (कोड स्वतः लिहू नका!). नसतील तर तेही लिहा. भाव कमी येईल, पण परत येणार नाही.

कन्व्हर्टर लिलावात घाईने टाकू नका. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांच्यापैकी जे असेल त्यावर तळाचा भाव ठरतो आणि तो धातूंच्या बाजाराबरोबर हलतो. २०२१ मध्ये ऱ्होडियम गगनाला भिडलं होतं, नंतर कोसळलं. जुन्या डिझेलच्यात मुख्यतः प्लॅटिनम. त्याच्या कवचावरचा नंबर घेऊन आधी धातू काढणाऱ्यांना विचारा. आणि गाडी तुमचीच होती याचे कागद जवळ ठेवा, चोरीचे फार फिरतात.

पक्कड_आणि_पाना

कोड सापडला. मॅन्युअलच्या पाकिटात, खरवडायच्या पट्टीखाली. २५ वर्षांत कोणी खरवडलीच नव्हती. किल्ल्या दोन आहेत, तिसरी बाबा शोधतायत.