प्रतिसाद: गार्ड काढण्याआधी चकतीवरचा आकडा वाचा

ट्रॉलीच्या कोपऱ्यात ग्राइंडर (फिरत्या चकतीने लोखंड घासायचं-कापायचं मशीन) शिरत नाही म्हणून गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, काढावंच लागतं, असं भाऊंनी वर चर्चेत लिहिलंय. भाऊ, अडचण खरी आहे, पण उपाय पटत नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. सात इंची चकतीची मर्यादा बहुतेक ८,५०० च्या आसपास असते, ती तिच्यावरच छापलेली असते. गार्ड निघालं की तीच मोठी चकती छोट्या मशीनवर चढवतात. मग ती फुटली तर तुकडे सरळ तोंडावर. जळगाव-धुळ्याकडच्या शेडमधली पोरं असं काम करताना दिसली की जीव तुटतो. कोपऱ्यासाठी डाय ग्राइंडर (बारीक टोकाचा छोटा ग्राइंडर) घ्या, नाहीतर कानस आहेच. लाकूड कापायचं दातेरी पातं तर ग्राइंडरला लावूच नका.

अर्थिंगबद्दल, म्हणजे गळतीचा करंट जमिनीत सोडणाऱ्या तारेबद्दल, कुणीच बोललं नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन पार सुकते, अर्थिंगचा खड्डाही, मग अर्थिंग नीट काम करत नाही. त्यात पाणी टाकत राहा आणि बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) बसवून घ्या, कारण त्याच दिवसांत हात घामाने ओले असतात. उन्हासाठी गळ्यात गुंडाळलेला रुमाल मशीन सुरू करण्याआधी काढून ठेवा. आणि ड्रिलवर हातमोजे नकोत, तेही फिरत्या भागात अडकतात.