खडकीतलं जुनं 'बिअर गोडाऊन': वाचवायचं का जाऊ द्यायचं?

मुळाकाठचा
परवा बऱ्याच वर्षांनी खडकीत आमच्या जुन्या गल्लीत गेलो तर कोपऱ्यावरच्या त्या लांबलचक दगडी इमारतीवर 'धोकादायक बांधकाम' म्हणून कागद डकवलेला. पोटात गोळाच आला राव. लहानपणी आम्ही सगळी पोरं तिला बिअर गोडाऊन म्हणायचो. आजोबा अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते, ते सांगायचे की साहेबाच्या काळात तिथं गोऱ्या सोल्जरांसाठी बिअर बनायची. आम्हाला वाटायचं थाप आहे. पण थाप नाहीये. इंग्लंडात बर्टनला बिअरवाल्यांचं मीकिन म्हणून खानदान होतं, त्यातल्या एच. जी. मीकिनने १८८७ला कंपनी काढली, एडवर्ड डायरच्या सिमला आणि कसौलीच्या जुन्या ब्रुअऱ्या घेतल्या आणि नवीन बांधल्या त्या डलहौसी, रानीखेत, चक्राता, दार्जिलिंग आणि... खडकी! बाकीची सगळी हिमालयातली थंड गावं आणि त्यात आपली उन्हाळ्यात भाजणारी खडकी. पुढे मीकिन आणि डायर एक झाले, १९४९ला एन. एन. मोहन यांनी कारभार घेतला आणि १९६७ला नाव झालं मोहन मीकिन, म्हणजे ओल्ड मंक रमवाले. आता सांगा, एवढा धागा आपल्या गल्लीतून गेलाय आणि ती इमारत आपण गुपचूप पडू द्यायची?

पुरावा_दाखवा
खडकीत ब्रुअरी होती, मान्य. पण ती हीच इमारत, हे कशावरून? लष्कराने त्या भागात दगडी गोदामं, बराकी, तबेले पोत्याने बांधलेत. दारूगोळ्याचा कारखानाच १८६९चा. तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे पण पुण्यात प्रत्येक पडक्या भिंतीला कुणाचे तरी आजोबा असतात आणि प्रत्येक आजोबांना तिथून शनिवारवाड्यापर्यंत भुयार माहीत असतं.

मुळाकाठचा
भुयार नाही म्हणालो मी. 😀 नाव तर लोकांच्या तोंडात आहे ना, ते हवेतून आलं का?

पेठेतला_मालक
मी जरा कडू बोलतो, राग मानू नका. आमचा सदाशिवात वाडा आहे, म्हणजे होता म्हणा. खाली पाच भाडेकरू, महिन्याचं भाडं सांगितलं तर हसाल, त्यात घरपट्टीसुद्धा निघायची नाही. दर पावसाळ्याला मनपाची नोटीस यायची, रात्री तुळई करकरली की आई देवापाशी बसायची आणि वर जाणारे येणारे गेटात उभे राहून कोरीव खांबांचे फोटो काढायचे, 'काय सुंदर हो, जपा हं.' जपा! सागवानी खांब एक बदलायचा तर सुतार मिळेना, मिळाला तर आकडा ऐकून घाम फुटायचा. जुनं वाचवा म्हणणारे नव्वद टक्के लोक लिफ्टवाल्या बिल्डिंगीत राहतात हा माझा अनुभव आहे. शिवाय खडकीतली बरीचशी जागा संरक्षण खात्याची, कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत असेल तर मनपाची हेरिटेज यादी तिथं चालत नाही. अर्ज करणार कुणाकडे?

मनीषाताई
मला एक कळत नाही, अभिमान नक्की कशाचा? १८८०ला पुण्यात दारूची दुकानं वाढायला लागली तेव्हा जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेचे सभासद म्हणून लेखी विरोध केला होता. १९०८ला टिळकांच्या माणसांनी इथे दारूच्या दुकानांपुढे पहारे दिले. ती माणसं आपली. आणि आपण पाटी कुठली लावणार तर 'येथे गोऱ्या शिपायांची बिअर बनत असे'? त्या पैशात एखादी अभ्यासिका होईल की.

मुळाकाठचा
ताई, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला म्हणून वाडा नको म्हणतो का आपण? तिथं पोती वाहणारी, बाटल्या धुणारी माणसं आपलीच असणार ना, मीकिनसाहेब स्वतः थोडीच बाटल्या धूत होता. राजांचे वाडे आणि साहेबांचे बंगले तेवढे ठेवायचे आणि जिथं लोकांनी हाताने काम केलं ते पाडायचं, हा कुठला न्याय. आणि फुल्यांचं तुम्ही सांगितलंत ते त्याच पाटीवर खाली लिहा की, मला चालेल.

मनीषाताई
पाटीचं पटलं. इमारतीचं अजून नाही.

चुन्याचा_माणूस
मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीची कामं करतो म्हणून लिहितोय, एरवी वादात पडत नाही. ब्रुअरी होती का नव्हती हे आजोबांना न विचारता इमारतीलाच विचारता येतं. बिअरला जव भिजवून मोड आणायचे, भट्टीत वाळवायचे, भरडून गरम पाण्यात मुरवायचे, मग तो काढा हॉप्स (कडवटपणासाठीची वेलीची फुलं) घालून उकळायचा, थंड करायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा. हे शेवटचं काम उकाड्यात बिघडतं. थंड करायची मशीन नव्हती तेव्हा जाड भिंती, खिडक्या कमी, वरती झरोके आणि जमलं तर तळघर. हे झालं एक. दुसरं, ब्रुअरीत दिवसभर धुणं चालतं, पिंपं धुवा, टाक्या धुवा, त्यामुळे फरशी कधी सपाट नसते, एका बाजूला उतार आणि तिकडे मोरी. धान्याच्या किंवा दारूगोळ्याच्या गोदामाला असा उतार कोण कशाला देईल, तिथं ओल नकोच असते.

आणि 'धोकादायक' म्हणाल तर बहुतेक वेळा दगड दोषी नसतो. काळ्या दगडाची चुन्यातली भिंत ओल शोषते आणि सोडते. आपण तिच्यावर सिमेंटचा गिलावा थापतो, ओल आत कोंडते, चुना भुसभुशीत होतो आणि पिंपळ आहेच वरून. सिमेंट खरवडून काढा, पिंपळ मुळासकट मारा, घाण्यात मळलेला चुना वापरा, कौलं नीट बसवा. स्वस्त नाही पण पाडून बांधण्याइतकं महागही नाही. पेठेतले मालक म्हणतात ते मात्र सोळा आणे खरं, खर्च मालकाने आणि कौतुक गावाने, हे चालणार नाही.

वीकेंड_पुणेकर
राजाबहादूर मिलसारखं करा ना, १८९३ची सूतगिरणी, आता तिथे हॉटेलं आणि पब, तुफान गर्दी असते. इथे तर मूळचीच ब्रुअरी!! परत बिअर बनवा, खर्च आपोआप निघेल.

पुरावा_दाखवा
झालं. म्हणजे आधी सोल्जरांसाठी, आता आयटीवाल्यांसाठी. गल्लीतल्या माणसाला दोन्ही वेळा प्रवेश नाही.

वीकेंड_पुणेकर
मग पडू दे की पावसात. पैसे कुठून आणायचे ते कोणीच सांगत नाही, नुसतं पब नको.

खोली_नंबर_दोन
नमस्कार, माझ्या भाच्याने हे वाचायला दिलं. तुम्ही सगळे जिच्यावर बोलताय त्या इमारतीत आम्ही राहतो. रिकामी नाहीये ती, मागच्या अंगाला तीन बिऱ्हाडं आहेत. पाडायची का ठेवायची हे एवढ्या जणांनी लिहिलं, आत माणसं आहेत का हे एकानेही विचारलं नाही. मला दोन्हीची भीती वाटते. पाडली तर कुठे जायचं आणि तुमचं ते हेरिटेज झालं तरी आम्हाला बाहेरच काढणार ना? इमारत बरी आहे हो, मे महिन्यात फॅन नसला तरी चालतं, पाहुणे मुद्दाम दुपारी झोपायला येतात. त्रास एकच, जमीन वाकडी आहे. सासूबाई असल्यापासून पलंगाच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे आहेत आणि बादली सांडली की पाणी आपलं आपण एका कोपऱ्याकडे पळतं.

मुळाकाठचा
वहिनी, चुकलंच आमचं. मी त्या गल्लीत वाढलो आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. रविवारी येतो घरी.

चुन्याचा_माणूस
ताई, एक विचारू? पाणी पळतं तो कोपरा कुठल्या बाजूचा?

खोली_नंबर_दोन
मागचा. तिथं भिंतीत खाली दगडी भोक आहे, उंदीर येतात म्हणून आम्ही विटेने बुजवलंय. का हो?