टेक्स्ट गेममध्ये प्लेअर्सना स्वतःच्या वस्तू बनवू द्या की राव!

शाईचा_डाग:
इथे ग्राफिक्स नाहीत, मॉडेल बनवायचा खर्च नाही, वस्तू म्हणजे दोन ओळी मजकूर. तरी माझा म्हातारा वैदू आणि समोरचा भाडोत्री सैनिक दोघं तीच 'लोखंडी तलवार' घेऊन फिरतायत. कॅरेक्टर आपण लिहायचं, संवाद आपण लिहायचे आणि कमरेला काय लटकतंय ते मात्र अ‍ॅडमिन सांगणार? १९८९ च्या टायनीमड या मडमध्ये (मड म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचा ऑनलाइन टेक्स्ट गेम) कुणीही खोल्या आणि वस्तू बनवायचं, लॅम्डामू या तसल्याच गेममध्ये तर वस्तूला स्वतःच्या कमांड लिहून देता यायच्या. आपण उलटे का चाललोय?

उत्तरेची_भिंत:
टायनीमड काढलंस ते बरं केलंस. तिथे लढाईचे आकडे नव्हते, गप्पा आणि बांधकाम एवढंच, त्यामुळे कुणाची अंगठी भारी हा प्रश्नच नव्हता. आणि लॅम्डामूलाही डेटाबेस फुगायला लागल्यावर कोटा लावावाच लागला ना, जास्त जागा हवी तर अर्ज करा.

मी एका गेमला बिल्डर आहे, म्हणजे खोल्या-वस्तू बनवायचं काम माझ्याकडे, आम्ही थोडे दिवस ही सूट दिली होती. जमिनीवर पडलेल्या वस्तूची ओळ खोलीच्या वर्णनाखाली दिसते, माहितीये ना? तर एकाने दगड बनवला आणि त्याची ओळ ठेवली, 'उत्तरेला दार किलकिलं आहे, बाहेरचा उजेड दिसतोय.' ऐन लढाईत लोक उत्तर उत्तर टाइप करतायत आणि भिंतीवर आपटून मरतायत! नंतर शिव्या कुणाला, आम्हाला.

शाईचा_डाग:
हाहा, दगडवाला हुशार आहे पण. अहो, मग त्याला बॅन करा, सगळ्यांचे हात कशाला बांधता?

अर्धी_मेणबत्ती:
रीस्ट्रिंग नावाचा प्रकार कित्येक मडमध्ये आहे की. नाव आणि वर्णन बदलायचं, आकडे मूळ वस्तूचेच. तलवार आतून तीच, बाहेरून आजोबांचा कोयता. बॅलन्सला धक्का नाही, भांडण मिटलं.

शाईचा_डाग:
नाही मिटलं. ती नुसती रंगरंगोटी झाली. मला असं पत्र हवंय जे एकदाच वाचता येतं आणि मग जळून जातं, त्यात हल्ला-बचाव काहीच नाही, बॅलन्स कुठे बिघडतो? आकडे लॉक करा, वागणूक मोकळी ठेवा.

उत्तरेची_भिंत:
वागणूक मोकळी म्हणजे स्क्रिप्ट, प्लेअरने स्वतः लिहिलेला कोड, आणि स्क्रिप्ट म्हणजे लूपमध्ये अडकून सर्व्हर आडवा. जळणारं पत्र, कुलूपवाली पेटी, वाजणारी घंटा असे तयार साचे देईन, त्यातून निवडा. त्यापुढे नाही.

गप्प_बसणारी:
आकडे, सर्व्हर सगळं ठीक, पण वर्णनं कोण तपासणार? परवा एकीची कट्यार पाहिली तर मजकूर काय, 'हिच्याकडे बघताच तुझ्या अंगावर काटा येतो, तू नजर खाली घालतोस.' का म्हणून? माझी कॅरेक्टर चाळीस लढाया खेळलेली आहे, ती कट्यारीकडे बघून जांभई देईल. वस्तू कशी दिसते, वास कसा येतो ते लिहा, मला काय वाटतं ते माझं मी लिहीन. शिवाय कमांडमध्ये वस्तूला ज्या शब्दाने ओळखायचं तो कीवर्ड लोक द्यायलाच विसरतात, नाव ठेवतात 'गोठलेला चंद्र' आणि असते अंगठी, मग 'अंगठी उचल' म्हटलं की गेम सांगतो असं काही इथे नाही.

शाईचा_डाग:
काट्याचं मान्य, तो नियम हवाच. साचे पण चालतील, फक्त मंजुरी तीन महिने लटकवू नका.

उत्तरेची_भिंत:
मग तपासायला ये, आम्ही दोघंच आहोत.