हिवाळ्यातल्या कमी गर्दीच्या दिवसांत आठ दिवसांची सहल: आखणी कुठून सुरू करावी?

पायवाट
नमस्कार. नाताळ-नववर्षाची गर्दी ओसरली की जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर यात कधीतरी आठ दिवस थंड देशात जायचं आहे. आम्ही चौघे, त्यातले दोघे साठी ओलांडलेले. मुक्कामाची ठिकाणं दोन. "भाडं कमी, गर्दी नाही" एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं. काय बंद असतं, उजेड किती तास मिळतो, बर्फाने विमान रखडलं तर काय करायचं, हे नेमकं सांगाल का?

अक्षांश
आधी उजेड बघा, मग तारखा धरा. २१ डिसेंबरला ४० अंश उत्तर अक्षांशावर दिवस साधारण सव्वानऊ तासांचा, ५० अंशांवर आठ तासांचा आणि ६० अंशांवर जेमतेम सहा तासांचा असतो. फिनलंडची राजधानी हेलसिंकी साधारण ६० अंशांवर आहे; तिथे २० जानेवारीला उजेडाचे सुमारे सात तास मिळतात, १५ फेब्रुवारीला नऊ. म्हणजे सहल पावणेचार आठवडे पुढे नेली की रोजचे दोन तास वाढले, आठ दिवसांचे सोळा.

शिवाय सगळ्यात उशिराचा सूर्योदय सगळ्यात लहान दिवशी होत नाही, त्यानंतर काही दिवसांनी होतो. त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला सकाळी फार वेळ अंधार राहतो. बाहेर बघायचं ते दहा ते तीनमध्ये बसवा, संग्रहालयं त्यानंतर.

फेब्रुवारीत एक खोच आहे. युरोपातल्या बऱ्याच देशांत शाळांना आठवडाभर सुट्टी असते आणि ती प्रांतागणिक वेगळ्या आठवड्यांत येते. तेव्हा स्कीइंगची गावं भरून जातात. पूर्व आशियात जाणार असाल तर चांद्र नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधी येतंय ते पाहूनच तारखा धरा, तेव्हाही सुट्टीची गर्दी असते.

कुलूपकिल्ली
काही ठिकाणी माणसं कमी असतात, काही ठिकाणी गावच बंद असतं. भाडं दोन्हीकडे कमी दिसतं, म्हणून फसगत होते. ग्रीसच्या लहान बेटांवर नोव्हेंबर ते मार्च बरीच हॉटेलं बंद आणि बोटींच्या फेऱ्या कमी. आल्प्समधले बरेच उंच घाट हिवाळाभर बंद असतात. इटलीतला २,७५७ मीटरवरचा स्टेल्व्हिओ त्यातलाच.

गाव उघडं आहे का हे ओळखायची सोपी रीत: हॉटेल शोधताना तुमच्या तारखा टाका, मग त्याच गावात जुलैच्या तारखा टाका. उन्हाळ्यात तीस हॉटेलं आणि तुमच्या तारखांना चार दिसली, तर खानावळीही त्याच प्रमाणात बंद समजा.

वेळा नकाशाच्या ॲपवरून घेऊ नका, त्या ठिकाणाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. त्यातही बंद होण्याच्या वेळेपेक्षा शेवटच्या प्रवेशाची वेळ महत्त्वाची. युरोपात रेल्वेचं नवं वार्षिक वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारपासून लागू होतं, तेव्हा ऑक्टोबरात टिपलेल्या गाड्या पुन्हा तपासा.

पायवाट
उजेडाचा हिशोब फार उपयोगी पडला, आभारी आहे. आता फेब्रुवारीचाच विचार करतो. वाटेत एकदा विमान बदलायचं आहे. दोन वेगळी तिकिटं काढली तर स्वस्त पडतंय. काढावीत का?

राखीव
हिवाळ्यात नको. विमानाच्या पंखावर हिम साचलं की उड्डाणाआधी द्रव फवारून ते काढावं लागतं. त्यासाठी रांग लागते आणि पहिलं विमान उशिरा पोचतं. दोन्ही उड्डाणं एकाच आरक्षणात असतील तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीकडे येतं. वेगळ्या तिकिटांवर दुसरं विमान चुकलं तर तुम्ही आलाच नाहीत असं धरतात आणि पैसे बुडतात. एकाच आरक्षणातही मध्ये तीन तास ठेवा. दिवसातलं शेवटचं विमान टाळा. ते रद्द झालं तर त्या दिवशी पर्यायच उरत नाही.

राखीव दिवस, म्हणजे काही रखडलं तर हाताशी असावा असा मोकळा दिवस, शेवटी ठेवा, मध्ये नाही. परतीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम विमानतळाच्या शहरात हवा, डोंगरातल्या गावात नको. दोन मुक्कामांपैकी दूरचा आधी उरका.

विमा पहिलं आरक्षण केल्या दिवशीच काढा. वादळाचा इशारा जाहीर झाल्यावर काढलेल्या विम्यात त्या वादळाचं नुकसान सहसा धरत नाहीत. ज्येष्ठांचे आधीपासूनचे आजार अर्जात लिहाच. लपवले की दावा तिथेच अडतो. बर्फावरचे खेळ बहुतेक वेळा वेगळे जोडून घ्यावे लागतात.

तीनपदरी
कपड्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. अंगालगत सुती कपडा नको. तो घाम धरून ठेवतो आणि थांबलात की अंग गार पडतं. आत लोकर किंवा पॉलिएस्टर, मध्ये फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापड), वर वारा अडवणारं जॅकेट. उणे ५ अंश आणि ताशी ३० किमी वारा म्हणजे अंगाला उणे १३ जाणवतं, म्हणून वरचा थर जाड नसला तरी चालेल, पण वारा अडवणारा हवा.

बूट मोजे घालूनच विकत घ्या. घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबले की रक्त नीट फिरत नाही आणि बोटं जास्तच गारठतात. ज्येष्ठांसाठी बर्फावर घसरू नये म्हणून बुटांवर चढवायचे, धातूचे काटे असलेले रबरी पट्टे घ्या. मात्र गुळगुळीत फरशीवर ते स्वतःच घसरतात, दारातच काढायचे.

फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. कॅमेरा गरम खोलीत नेण्याआधी बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि आत गेल्यावर तास-दीड तास तसाच राहू द्या. म्हणजे दव पिशवीवर जमतं, काचेवर नाही. पॉवर बँक हातातल्या सामानात, १०० वॉट-तासांपर्यंतची (वॉट-तास म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचं माप).