मासे खाता तर खुशाल खा, पण स्वतःला शाकाहारी म्हणवून घेऊ नका

गोदाकाठची
काल इथे एकाने लिहिलं होतं, "मी शाकाहारीच आहे, फक्त मासे खातो, मासे म्हणजे समुद्रातली भाजीच की." आणि खाली लोक "अगदी बरोबर" म्हणत होते. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहितेय, लांबलंय, सांभाळून घ्या.

माझं माहेर माळकरी. वडील दर पौषात त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जायचे, घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही. गेल्या हिवाळ्यात यांच्या मित्राकडे कॉलेज रोडला जेवायला गेलो. मी पानावर बसायच्या आधीच विचारलं, "वहिनी, यात काही नाही ना?" त्या म्हणाल्या, "नाही हो, व्हेजच आहे." तिसऱ्या घासाला दाताखाली चामट काहीतरी आलं, बोटाने बाहेर काढलं तर गुलाबीसर, वाकडं, नखाएवढं. सोडे! सुकवलेली कोलंबी! सोड्यांची खिचडी! आणि त्या अगदी निवांत म्हणाल्या, "अहो सोडेच आहेत, मटण नाहीये." मी मोरीत जाऊन ओकले, तोंड धुतलं तरी तो वास जाईना, दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्या खोटं बोलत नव्हत्या हे जास्त वाईट. त्यांच्या हिशोबात ते खरंच व्हेज होतं. शब्द असा सैल केला की मार माझ्यासारखीला बसतो.

देवबागचा
ताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच झालं, विचारल्यावर सांगायला हवं होतं. पण त्यावरून आम्हा मासेखाऊ लोकांना खोटारडं ठरवू नका. मी मालवणकडचा, नाशकात २२ वर्षं झाली. आमच्या आजीच्या घरी मटण शिजायचं ते मागच्या पडवीत, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या टोपात, आणि तो टोप घरात यायचा नाही. मासे मात्र रोजच्या स्वयंपाकघरात, देवघराच्या भिंतीपलीकडे. म्हणजे आमच्या घरात मासे आणि मटण यांच्यात फरक होता आणि तो आजीने पाळला. गौड सारस्वत ब्राह्मण मासे खातात, बंगालमधले ब्राह्मण खातात. ती सगळी बाटली का? फरक आहे म्हणून तर वेगळी चूल होती ना.

सिन्नरकर
भाऊ, फरक असेल, मान्य, पण त्याने मासा भाजी कसा होतो? बंगालचं उदाहरण तुम्हीच दिलं म्हणून सांगतो, तिकडे माशाला आमिषच म्हणतात, म्हणजे मांसाहारी. निरामिष म्हणजे मासा नसलेलं. जुन्या काळी तिथे विधवांना मासे बंद करायचे, का? आमिष म्हणून. म्हणजे जे रोज खातात त्यांनीसुद्धा कधी त्याला भाजीत धरलं नाही.

आणि आजीचं म्हणाल तर एक सांगा, संकष्टीला तुमच्याकडे बांगडा व्हायचा का? श्रावणात?

देवबागचा
नाही व्हायचा. सोमवारी पण नाही.

सिन्नरकर
झालं मग. संकष्टीचा उपास सोडताना मेथी चालते, दोडका चालतो. बांगडा चालत नाही. तुमच्या आजीला पक्कं ठाऊक होतं तो काय आहे ते, तुम्हालाच पटत नाहीये.

म्हसरूळ७
इथे धर्म कशाला आणताय, सरळ कायदा बघा. एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी संस्था, तिच्या लेबलच्या नियमात मांसाहारीच्या व्याख्येत पक्षी, गोड्या पाण्यातले आणि समुद्रातले प्राणी, अंडी सगळं येतं, वगळलंय ते दूध, मध वगैरे. फ्रोझन माशाच्या पाकिटावर हिरवा ठिपका दिसला का कधी? तपकिरीच खूण असते, आता तर त्रिकोण केलाय. विषय संपला.

चष्मेवाली
विषय नाही संपला. माझं बी-१२ तळाला गेलं होतं, हातापायाला मुंग्या, जिना चढताना दम. आईच्या ओळखीतल्या डॉक्टरांनी मासे सुरू करा म्हटलं, आम्ही देशस्थ, घरात रडारड. आई आठवड्यातून दोनदा सुरमई भाजून देते, स्वतः नाकाला पदर लावून. मी चिकनला हात लावत नाही, मटण बघवत नाही. मग मी स्वतःला काय म्हणू? मांसाहारी म्हटलं की लोक लगेच तंदुरी मागवतात.

गोदाकाठची
तुम्ही म्हणा "मासे खाते, चिकन-मटण नाही". पाच शब्द आहेत, त्यात लाज कसली? नाहीतर पेस्केटेरियन म्हणा, हल्ली कळतं सगळ्यांना. बी-१२ च्या गोळ्या असतात, इंजेक्शन असतं, मी स्वतः घेतलंय. ओमेगा-३ साठी मासे लागतातच म्हणणाऱ्यांनी शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं तेही बघावं, माशात ते मुळात शेवाळातूनच येतं. जवसातलं ओमेगा-३ शरीर माशातल्या प्रकारात फार थोडंच बदलू शकतं, हे मात्र खरं आहे.

आणि एक. गंगापूर धरणाकडून येताना रस्त्यात एक जण टबात रोहू घेऊन बसला होता, माझा मुलगा सहा वर्षांचा, गाडीतून उतरून बघायला गेला. चार बोटं पाणी, त्यात तो मासा आडवा, कल्ला उघडतोय, मिटतोय, उघडतोय. मुलगा म्हणाला, "आई, ह्याला श्वास लागलाय." भाजीला श्वास लागतो का हो?

सिडको_भाडेकरू
तुमचं सगळं वाचलं. आता माझं ऐका, कारण हे शब्द तुमच्यासाठी शब्द आहेत, आमच्यासाठी घर आहे. मी आणि बायको तीन महिने फ्लॅट शोधत होतो. इंदिरानगर, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा. डिपॉझिट तयार, नोकरी अंबडला पक्की. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न, "व्हेज की नॉनव्हेज?" खरं सांगितलं की "कळवतो". चौथ्या ठिकाणी बायको म्हणाली, "सांग शाकाहारी, फक्त कधीतरी मासे." मालक म्हणाला ठीक आहे. म्हणून लोक तसं म्हणतात ताई! शब्द सैल आम्ही नाही केला, तुम्ही दार घट्ट केलंत.

म्हसरूळ७
मालकाचं घर, मालकाची अट. आमच्या खाली एक कुटुंब होतं, तव्यावर सुकट भाजली की जिन्यात उभं राहवत नव्हतं. पडद्यांना वास. आम्ही पैसे भरून राहतो, आम्ही का सोसायचं?

सिडको_भाडेकरू
आणि तुमच्या हिंगाच्या फोडणीचा वास आम्ही सोसत नाही? सुकट माझी आई आठवडे बाजारातून आणायची, ताज्या माशाची ऐपत नव्हती, कसाऱ्याचा घाट चढून बर्फातून येतं त्याचे भाव तुम्हाला माहीत नसतील. मूठभर सुकट, कांदा, लसूण, बाजरीची भाकरी, पाच माणसं जेवायची. त्या वासाला नाव ठेवलं की माझ्या आईला नाव ठेवल्यासारखं वाटतं. सोसायटीत आल्यापासून आम्ही रात्री अकरानंतर भाजतो, खिडक्या बंद करून, दाराच्या फटीला ओला टॉवेल. स्वतःच्या घरात चोरासारखं.

म्हसरूळ७
तुमच्या आईबद्दल मी एक अक्षर बोललेलो नाही, उगाच अंगावर घेऊ नका.

सिडको_भाडेकरू
"जिन्यात उभं राहवत नव्हतं" हे मग कोणाबद्दल होतं?

देवबागचा
म्हसरूळवाले, तुम्ही कायदा घेऊन आलात आणि आता नाक घेऊन भांडताय. जून-जुलै दोन महिने आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, तेव्हा कोकणात घरोघर सुकंच असतं. त्यावर माणसं जगतात. पडद्याचं काय घेऊन बसलात.

सिन्नरकर
मूळ विषय राहिला बाजूला. मी मटण खातो, सरळ सांगतो, सुकट तर आमच्याकडे रानात न्यायचं तोंडीलावणं. पण मी कधी त्याला शाकाहार म्हटलं नाही. भाडेकरू भाऊ, तुमच्यावर अन्याय होतोय यात शंका नाही, पण मालकाने घर नाकारलं म्हणून खिचडीत सोडे घालून व्हेज सांगायचं हे नाही चालणार.

सिडको_भाडेकरू
मी कोणाला फसवून खाऊ घातलेलं नाही.

गोदाकाठची
तुम्ही नाही घातलं, मान्य. आणि हेही मान्य, की घर देताना चुलीत डोकावायचा कोणाला हक्क नाही. आमच्याही बिल्डिंगमध्ये तसा नियम आहे, मी आजवर मीटिंगला बसून गप्प राहिले, ती माझी चूक. पण शब्द मी सोडणार नाही. उद्या तुमच्या घरी मी आले आणि शाकाहारी आहे म्हटलं तर त्याचा एकच अर्थ निघाला पाहिजे.

देवबागचा
ठीक आहे. समुद्रातली भाजी म्हणणं चूक आहे, तेवढं मान्य करतो. आजी असती तर तिनेही तसं म्हणू दिलं नसतं. पण मासा आणि मटण एक, हे मी मरेपर्यंत मानणार नाही.

ताई, तुम्ही आणि भावजी रविवारी या. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या करतो, तवा नवा आणतो, आणि त्या दिवशी घरात कोलंबी येणार नाही.

गोदाकाठची
रविवारी एकादशी आहे. सोमवारी येतो.

सिडको_भाडेकरू
आणि तुमच्या बिल्डिंगची पुढची मीटिंग कधी आहे, तेही इथेच सांगा.